पोकाहॉन्टस काउंटी : चालणारा माल, तरंगणारा माल, रुळांवरचा माल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या कॅस गावी तुम्ही वाफेच्या इंजिनाच्या गाडीतून डोंगरावर जाऊन आलात, खाली आरागिरणीचे पडके अवशेष पाहिले, आणि पोकाहॉन्टस काउंटीची (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आजची वस्ती आठ हजारांच्याही आत आहे हे कळल्यावर चक्रावलात. इतक्या आडबाजूला एवढा मोठा कारखाना आला कसा, तोही इतक्या उशिरा का, त्याआधी इथली माणसं कशावर जगत होती, आणि एवढं लाकूड निघूनही काउंटी श्रीमंत का झाली नाही?

माझी सगळी नोकरी वनखात्यात गेली. तोडायच्या झाडांवर खुणेचा हातोडा मारायचा, कूप म्हणजे तोडीचे पट्टे आखायचे, डेपोतल्या थप्प्या मोजायच्या, वाहतुकीचे पास द्यायचे आणि आरागिरण्या तपासायच्या, हे माझं काम. मुलगी व्हर्जिनियात राहते, त्यामुळे या काउंटीत चारदा जाणं झालं, आणि प्रत्येक वेळी डोक्यात रेंजरचाच हिशेब चालू होता. जंगलातलं झाड पाडायला दोन माणसं आणि एक करवत पुरते. ते बाहेर काढायला रस्ता, जनावरं, पाणी, रूळ, सगळं लागतं. या काउंटीचा इतिहास मला याच बाजूनं उलगडत गेला. कोणत्या काळात कोणता माल डोंगराबाहेर काढता येत होता, हे लावत गेलं की इथला एकेक उद्योग कधी आला आणि का गेला ते आपोआप कळतं.

आधी जागा लक्षात घ्या. क्षेत्र सुमारे ९४२ चौरस मैल, म्हणजे २,४०० चौरस किलोमीटरच्या वर. आपला जुन्नर तालुका याहून बराच लहान, तरी २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या चार लाखांच्या जवळ होती. ही काउंटी ॲलेघेनी डोंगररांगांत आडवीतिडवी पसरली आहे आणि आठ नद्यांचा उगम इथं आहे. ग्रीनब्रायर, गॉली, एल्क, चेरी, क्रॅनबेरी, विल्यम्स, टायगार्ट आणि चीटचा शेव्हर्स फोर्क हा फाटा. नद्या उगम पावतात तिथं पाणी थोडं आणि उतार जास्त असतो. म्हणून इथं नावा चालल्या नाहीत. हा एक मुद्दा धरून ठेवा, पुढे कामाला येईल.

गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आधी ही शॉनी आणि इतर मूळ रहिवाशांची शिकारीची भूमी होती. त्यांची जुनी सेनेका पायवाट इथूनच जात असे. १७४९ मध्ये जेकब मार्लिन आणि स्टीफन स्युएल हे दोघं येऊन ग्रीनब्रायरच्या काठी झोपडी बांधून राहिले. १७५१ मध्ये अँड्र्यू लुईस जमीन मोजत आला तेव्हा मार्लिन झोपडीत होता आणि स्युएल जवळच्याच एका पोकळ सिकमोर झाडाच्या बुंध्यात राहत होता. धर्मावरून दोघांचं वाजलं होतं. मैलोन्‌मैल तिसरं माणूस नाही, आणि तरी हे दोघं वेगळे! सकाळी मात्र एकमेकांना रामराम करत, असं सांगतात. त्या झाडाच्या जागेवर आजचं मार्लिंटन गाव आहे, काउंटीचं मुख्य ठिकाण.

१८२१ मध्ये बाथ, पेंडलटन आणि रँडॉल्फ या काउंट्यांचे भाग तोडून ही काउंटी झाली, तेव्हा ती व्हर्जिनियातच होती. कचेरी हंटर्सविलला. नावातच सगळं आलं. शिकारी तिथं जमायचे आणि डोंगरापलीकडून आलेल्या व्यापाऱ्यांना हरणांची कातडी आणि फर विकायचे. बदल्यात मीठ, शिसं, दारूगोळा, लोखंडी भांडी. जिनसेंगची मुळं हाही मोठा माल होता. रानात खणायची, वाळवायची आणि विकायची. ती शेवटी चीनला जात. वाळलेलं मूळ वजनाला हलकं आणि किमतीला भारी. घोड्याच्या पाठीवर जे परवडतं तेच पहिल्या काळात बाहेर गेलं.

दुसरा माल स्वतःच्या पायांनी गेला. काउंटीच्या दक्षिणेला हिल्सबरोच्या आसपास ‘लिटल लेव्हल्स’ नावाचा सपाट पट्टा आहे. खाली चुनखडी, वर निळसर गवताची दाट कुरणं. गुरं आणि मेंढ्या तिथं पोसायच्या आणि शरद ऋतूत हाकत पूर्वेच्या बाजारांकडे न्यायच्या. मका पिकवून गाडीत घालून घाट ओलांडणं परवडत नसे, तोच मका आणि गवत बैलाच्या अंगावर मांस होऊन चालत जाई. आपल्याकडे घाटावरचे धनगर कळप घेऊन कोकणात उतरतात, त्यांना हे वेगळं समजावायला नको. याच सुपीक पट्ट्यातल्या मोठ्या शेतांवर गुलामही राबत होते, हे विसरून इथल्या गोकुळाचं वर्णन करू नये. पीठगिरण्या, घाणे, लोहारशाळा, लोकरीचं कापड, हे सगळं गावापुरतं होतं. बाहेर जायला वाटच नव्हती.

यादवी युद्धाबद्दल एवढंच सांगतो. ६ नोव्हेंबर १८६३ रोजी काउंटीच्या दक्षिण टोकाला ड्रूप माउंटनवर लढाई झाली. त्याच वर्षी २० जूनला वेस्ट व्हर्जिनिया वेगळं राज्य झालं होतं. लढाईत उत्तरेची सरशी झाली, आणि त्यानंतर दक्षिणेच्या फौजेला या राज्यात पुन्हा तसा जोर धरता आला नाही. रणभूमी आज राज्य उद्यान आहे. उद्योगांच्या गोष्टीला खरं वळण मिळालं ते दहा वर्षांनी. १८७३ मध्ये चेसापीक अँड ओहायो रेल्वेची मुख्य वाट काउंटीच्या दक्षिणेकडून, ग्रीनब्रायर नदीच्या खालच्या भागातून गेली.

आता पाण्याकडे येऊ. ग्रीनब्रायर नदी नावेला उथळ असली तरी वसंतात बर्फ वितळलं की फुगते. तिच्या काठच्या डोंगरांवर पांढऱ्या पाइनची उत्तम झाडं होती. पाइनचं लाकूड हलकं, सरळ, पाण्यावर छान तरंगतं. १८७० च्या दशकापासून हे ओंडके हिवाळ्यात तोडून काठावर रचायचे आणि पूर आला की नदीत लोटायचे. खाली रॉन्सव्हर्टला सेंट लॉरेन्स बूम अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची मोठी आरागिरणी रेल्वेलगत होती. नदीत आडव्या साखळबंद ओंडक्यांचा अडसर घालून माल अडवायचा आणि कापायचा. ओंडक्यांच्या मागोमाग माणसांचे तराफे यायचे. एकावर स्वयंपाक, एकावर झोपायची जागा आणि एकावर घोडे! काठाला अडकलेले ओंडके ओढून पुन्हा प्रवाहात घालायला घोडे लागत. माणसं बर्फाच्या पाण्यात दिवसभर कमरेपर्यंत भिजत. पाण्यातलं हे काम किती जीवघेणं असतं याची थोडी कल्पना मला आहे. चंद्रपूरकडे असताना नाल्यात अडकलेली सागाची एकच खोडकी काढायला आम्हाला अर्धा दिवस लागला होता, आणि पाणी कोमट होतं.

पण पाण्याचा एक कडक नियम आहे. तरंगेल तोच माल. ओक, मेपल, बर्च, हिकरी ही कठीण लाकडं ओली असताना जड असतात, बुडतात किंवा अर्धवट बुडून अडकतात. त्यामुळे तीस-पस्तीस वर्षं नदीकाठचा पाइन तेवढा निवडून गेला आणि बाकीचं अफाट जंगल तसंच उभं राहिलं. तुम्ही विचारता की ‘कारखाना इतक्या उशिरा का आला?’, त्याचं उत्तर हेच. लाकूड होतं, गिऱ्हाईक होतं, पण जे उरलं होतं ते ना चालत होतं ना तरंगत होतं.

त्याला रूळच हवे होते. रूळ येणार ही हवा आधी पसरली. ग्राफ्टनचे वकील आणि राजकारणी जॉन टी. मॅग्रॉ यांनी मार्लिन्स बॉटम, म्हणजे आजच्या मार्लिंटनच्या भागात भराभर जमिनी घेतल्या, १८९१ मध्ये नवं शहर आखलं गेलं, प्लॉट पाडले, आणि त्याच वर्षी मतदान होऊन काउंटीची कचेरी हंटर्सविलहून मार्लिंटनला गेली. मग १८९३ ची आर्थिक मंदी आली आणि रेल्वे लांबली. मार्लिंटनला पहिली गाडी पोचली २६ ऑक्टोबर १९०० ला. त्या दिवशी गावात जत्रा भरली होती. मुख्य वाटेपासून नदीकाठानं वर येणाऱ्या या ग्रीनब्रायर फाट्याचे रूळ त्याच वर्षअखेरीला कॅसच्या जागेपर्यंत आणि १९०२ मध्ये डर्बिनपर्यंत गेले. नदीवरून लाकूड सोडणं १९०८ मध्ये संपलं.

पुढचे आकडे बघा. १९०० मध्ये काउंटीची लोकसंख्या ८,५७२ होती. १९१० मध्ये १४,७४०. १९२० मध्ये १५,००२, तो कळस. २०२० मध्ये ७,८६९. म्हणजे रेल्वे यायच्या आधी होती त्याहून आज कमी. हे चार आकडे मी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहेत.

कॅस हे गाव १९०१ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पल्प अँड पेपर कंपनीनं वसवलं. कंपनीचा जीव होता चीट माउंटनवरच्या तांबड्या स्प्रूसमध्ये. हे झाड उंच, थंड, धुकट माथ्यावर वाढतं आणि त्याचे धागे लांब असतात, कागदाच्या लगद्याला उत्तम. लगद्याचं लाकूड पलीकडे व्हर्जिनियातल्या कॉव्हिंग्टनच्या कागद कारखान्यात जायचं, आणि फळ्या करण्याजोगा माल कॅसच्या गिरणीत. ही गिरणी भरात असताना अकरा-अकरा तासांच्या दोन पाळ्यांत, आठवड्याचे सहा दिवस चालायची, आणि एका पाळीत सव्वा लाख बोर्ड फुटांहून जास्त कापायची. बोर्ड फूट म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड फळी. बारा बोर्ड फुटांचा एक घनफूट. म्हणजे एका पाळीत दहा हजार घनफुटांच्या वर, जवळपास तीनशे घनमीटर. मी ट्रकला साधारण दहा घनमीटरचा पास देत असे. असे तीस ट्रक भरतील एवढं कापीव लाकूड एका पाळीत, आणि त्याच दिवशी दुसरी पाळी उरलेलीच. हे मी गिरणीच्या भग्न पायावर उभं राहून मोजलं तेव्हा खरंच सुन्न झालो.

गाव सगळं कंपनीचं. एकसारखी पांढरी घरं, लाकडी फळ्यांचे फूटपाथ, आणि ‘पोकाहॉन्टस सप्लाय कंपनी’ हे भलंमोठं दुकान. साहेबांची घरं टेकडीवर, कामगारांची खाली. नदीपलीकडे ईस्ट कॅस, तिथं कंपनीची सत्ता नव्हती, म्हणून गुत्ते आणि जुगार तिकडे. जंगलातल्या लाकूडतोड्याला तिथं ‘वुड हिक’ म्हणत. तो महिनोन्‌महिने वर कॅम्पात राही आणि पगार घेऊन खाली उतरे. डोंगरमाथ्यावर ३,८५३ फुटांवर स्प्रूस नावाचंच एक गाव उठवलं होतं, लगद्याच्या लाकडाची साल काढण्यासाठी. त्या गावाला रस्ता नव्हता. शाळा, दुकान, घरं होती, आणि यायचं-जायचं आगगाडीनंच. आज तिथं गवत आणि जोती.

तुम्ही ज्या इंजिनामागे बसलात त्याच्याकडे नीट पाहिलंत का? ते शे जातीचं इंजिन आहे. नेहमीच्या इंजिनाला दोन बाजूंना दांडे असतात, याला उजव्या बाजूला तीन उभे सिलिंडर आहेत. ते एक लांब दांडा फिरवतात, आणि त्या दांड्यावरून दातेरी चाकांनी प्रत्येक चाकाला जोर पोचतो, पाणी-कोळशाच्या डब्याखालच्या चाकांनाही. तो सगळा लोखंडी भार एका बाजूला पडतो म्हणून बॉयलर मुद्दाम डावीकडे सरकवलेला आहे. समोरून पाहिलं तर इंजिन चक्क वाकडं दिसतं. वेग माणसाच्या धावण्याइतका, पण चढ शंभर फुटांना अकरा फुटांपर्यंत! म्हणजे नवास एक. आपल्या माथेरानच्या गाडीचा चढ विसास एक आणि बोरघाटाचा सदतिसास एक. वर जाताना गाडी दोनदा उलटी फिरून चढली, आठवतं ना? बोरघाटात १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाली तेव्हा खंडाळ्याजवळ असंच उलटं वळायचं स्टेशन होतं. डोंगर तोच प्रश्न विचारतो आणि इंजिनिअर तेच उत्तर शोधतात. कॅसचं पाच नंबरचं शे १९०५ मध्ये बांधलेलं आहे आणि अजून त्याच डोंगरावर चढतं.

लाकडाइतकीच महत्त्वाची, पण पर्यटकांना कुणी न सांगणारी गोष्ट म्हणजे साल. हेमलॉक नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या सालीत टॅनिन भरपूर असतं आणि कातडी कमावायला ते लागतं. कातड्यापेक्षा सालीचं वजन जास्त लागतं, म्हणून कातडी सालीकडे आणली जातात, साल कातड्यांकडे नेत नाहीत. रेल्वे येताच मार्लिंटनला आणि उत्तरेला फ्रँक इथं मोठे कातडी कारखाने आले. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडात रस चढतो तेव्हाच साल सुटते. त्या तीन-चार महिन्यांत माणसं हेमलॉक पाडून चार-चार फुटांचे तुकडे सोलत. कित्येकदा सोललेलं खोड तिथंच कुजायला टाकून देत. वनखात्यातल्या माणसाला हे वाचताना पोटात तुटतं.

इथं मला जुन्नर-आंबेगावचा हिरडा आठवतो. भीमाशंकरच्या बाजूचे महादेव कोळी बांधव बाळहिरडा गोळा करून वाळवतात. हिरड्यात टॅनिन असतं म्हणून मुंबई बंदरातून तो कातडी कमावण्यासाठी परदेशी जात असे. काम तेच, पण आपल्याकडे फळ वेचलं जातं आणि झाड उभं राहतं. साल काढली की झाड संपलं. मार्लिंटनचा कारखाना विसाव्या शतकात बंद पडला, फ्रँकचा मात्र १९९० च्या दशकापर्यंत टिकला. लाकूड संपल्यावरही तो चालला, कारण टॅनिन बाहेरून आणता येत होतं आणि कारागीर इथं तयार झाले होते. या काउंटीतल्या जुन्या उद्योगांपैकी कौशल्यावर उभा राहिलेला हाच एक, असं माझं मत आहे.

बाकीच्यांचं काय झालं? जंगल एका दमात कापलं गेलं. स्प्रूसखाली शतकानुशतकं साठलेला पालापाचोळ्याचा जाड, स्पंजासारखा थर होता. वरची सावली गेली, तो वाळला, तोडीचा कचरा जागेवरच पडलेला, आणि गाडीच्या इंजिनातून ठिणग्या उडत होत्या. वणवे असे लागले की काही माथ्यांवर माती जळून खडक उघडा पडला. खाली पूर वाढले. याच अनुभवातून १९११ मध्ये वीक्स कायदा आला, सरकारला नद्यांच्या उगमाकडची जमीन विकत घेता आली, आणि १९२० मध्ये मोनोंगाहेला राष्ट्रीय वन जाहीर झालं. काउंटीचा मोठा हिस्सा आज त्यात आहे. सेनेका राज्य वन १९२४ चं. १९३० च्या मंदीत सरकारी कामावर घेतलेल्या तरुणांनी इथं झाडं लावली, रस्ते केले आणि वाटोगा उद्यान उभं केलं. चीट माउंटनवर तांबडा स्प्रूस आता पुन्हा लावला जातो आहे.

कॅसची गिरणी १९४२ मध्ये मोअर लंबर कंपनीकडे गेली आणि १ जुलै १९६० ला कायमची बंद झाली. रूळ भंगारात निघणार होते. आगगाड्यांच्या शौकिनांनी राज्य सरकारच्या मागे लागून ते वाचवले, आणि १९६३ मध्ये त्याच रुळांवर पर्यटकांची गाडी सुरू झाली.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. काउंटी श्रीमंत का झाली नाही? जमीन बाहेरच्यांच्या नावावर गेली, हे पहिलं कारण. मालाची किंमत जिथं वाढते ते काम बाहेर झालं, हे दुसरं. पाइन रॉन्सव्हर्टला कापला गेला, स्प्रूसचा कागद कॉव्हिंग्टनला झाला, कठीण लाकडाच्या खुर्च्या-टेबलं आणखी दूर कुठे तरी. आणि तिसरं, झाड हे पीक आहे असं कुणी मानलंच नाही, खाणीतल्या कोळशासारखं उपसलं. यात स्थानिक माणूस आळशी किंवा मागासलेला होता असं जे सुचवलं जातं ते मला अजिबात मान्य नाही. अकरा तासांची पाळी करणारा माणूस आळशी नसतो. आपल्याकडेही डोंगरातल्या माणसावर हाच शिक्का बसतो, म्हणून हे जरा जोर देऊन लिहितो.

एक गोष्ट मात्र या काउंटीला तिच्या आडबाजूपणानेच दिली. ग्रीन बँकच्या खोऱ्याभोवती डोंगरांची भिंत आहे आणि वस्ती विरळ, म्हणून रेडिओ लहरींचा गोंगाट कमी. १९५६ मध्ये आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेसाठी ही जागा निवडली गेली, १९५८ मध्ये भोवतीचा तेरा हजार चौरस मैलांचा प्रदेश रेडिओ शांतता क्षेत्र ठरला, आणि १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी इथूनच दुसऱ्या ताऱ्यांकडून संदेश येतात का हे ऐकायचा पहिला प्रयत्न केला. जुनी तीनशे फुटी दुर्बीण १५ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री कोसळली. आजची शंभर बाय एकशे दहा मीटरची आहे, तिचं उद्‌घाटन २००० मध्ये झालं. दुर्बिणीजवळ डिझेलच्याच गाड्या चालतात, कारण पेट्रोल इंजिनातल्या स्पार्क प्लगची ठिणगीही तिला ऐकू येते. शंभर वर्षांपूर्वी याच डोंगरांत इंजिनाच्या ठिणगीनं जंगल पेटत होतं.

आणि आपलं खोडद? जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ गोविंद स्वरूप यांनी पंचेचाळीस मीटरच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी केली, तिथंही डोंगरांचा आडोसा आणि कमी गोंगाट हे जागा निवडण्याचं एक कारण होतं. हिरड्याचा तालुका आणि हेमलॉकची काउंटी, दोघींना विज्ञानानं एकाच गुणासाठी निवडलं. ग्रीन बँकच्या गवतात उभं राहून मी मुलीला हे सांगत होतो, तेव्हा मोबाइलला रेंज नव्हती आणि वाऱ्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं.

पुन्हा गेलात तर गाडीत बसण्याआधी एक दिवस पायी चाला. ग्रीनब्रायर फाट्यावरची रेल्वे १९७८ मध्ये बंद झाली आणि त्या रुळांच्या जागी आता ७८ मैलांची पायवाट आहे, कॅसपासून खाली कॅल्डवेलपर्यंत. मार्लिंटनच्या उत्तरेला शार्प्स बोगदा लागतो. बोगद्याच्या तोंडाशीच पूल आहे, त्यावर थांबून खाली पाण्याकडे बघा. पाणी गुडघाभर असतं, तळाचे गोटे मोजता येतात. याच पाण्यावरून पाइनचे ओंडके, आणि मागोमाग घोड्यांचा तराफा, रॉन्सव्हर्टकडे गेला होता.